सगळे कुठे बघत होते?

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली. तिनं मला ती एकदाच सांगितली, आणि पुन्हा विषय काढायचा नाही असं बजावून सांगितली.

अशा गोष्टी रात्री घडतात असं आपण धरून चालतो. ही भर दुपारी घडली. जेवणं होऊन डोळ्यांवर झापड येते ना, त्या वेळेला. बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होतं. आत एक छोटं थिएटर, आणि त्याच्या भिंतीला लागून एक अरुंद खोली. त्या खोलीत ताई बसायची.

तिला आम्ही सगळे ताईच म्हणतो. सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला जायचे. मला पोहायला तिनंच शिकवलं. तिला एक धाकटा भाऊ, खारू. लहानपणी गालात खाऊ दडवून ठेवायचा, खारीसारखा, म्हणून खारू. आईवडील लवकर गेले. खारूला ताईनंच वाढवलं. दोघांचंही लग्न झालं नाही. घरं वेगळी, पण रोज एकदा तरी फोनवर भांडण झाल्याशिवाय दोघांनाही चैन पडायची नाही.

खारूच्या हनुवटीवर एक व्रण होता. ताईनं लहानपणी त्याला झोपाळ्यावरून ढकललं होतं, त्याचा.

"माझं तोंड बिघडवलंस," तो म्हणायचा. "नाहीतर हिरो झालो असतो. आता बसलोय इतरांची तोंडं कापत."

खारू चित्रपटांचा संकलक होता. कुठला प्रसंग ठेवायचा, कुठला कापायचा, हे त्याचं काम.

आणि ताईचं काम त्याहून विचित्र.

चित्रपट लोकांसमोर येण्याआधी तो काही अनोळखी प्रेक्षकांना दाखवून बघतात. त्यांना कुठे हसू येतं, कुठे कंटाळा येतो, हे आधी कळावं म्हणून. ताईच्या थिएटरमध्ये पडद्याच्या खाली एक कॅमेरा लावलेला होता. अंधारातही चेहरे दिसतील असा. प्रेक्षकांना तसं आधी सांगायचे. ते पाच मिनिटांत विसरायचे.

शेजारच्या खोलीत ताईसमोर ते सगळे चेहरे दिसत. संगणक प्रत्येकाच्या डोळ्यांपासून एक बारीक रेषा काढून दाखवायचा. कोण कुठे बघतंय त्याची. ताई शिकली होती तेच मुळी डोळ्यांच्या हालचालींबद्दल. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण ती स्वतः चित्रपट कधीच बघत नसे. आवाजही ऐकत नसे. फक्त चेहरे.

"इथे दार उघडणार आहे हे मला आधी कळलं," ती म्हणायची, "की मला सगळ्यांच्या चेहऱ्यावर दारच दिसायला लागतं. त्यापेक्षा मला काही माहीतच नको."

त्या दुपारी खारूनं संकलित केलेला चित्रपट होता. विज्ञानकथा. एक माणूस पृथ्वीपासून लांब कुठल्याशा तळावर जागा होतो. तो कोण, इथे कसा आला, काही आठवत नाही. रोज सकाळी पाटी पुन्हा कोरी. सगळा चित्रपट अंधारा, आणि शेवटपर्यंत काही उलगडत नाही.

खारू मागच्या रांगेत, एकदम टोकाच्या खुर्चीत बसला होता. प्रत्येक चाचणीला तो तिथेच बसायचा. लोकांचे श्वास ऐकू येतात म्हणायचा.

पहिला सव्वा तास सगळं नेहमीसारखं. कपाळाला आठ्या. एक जाडे गृहस्थ वेफर्स खात होते, त्यांचा हात तोंडाशीच थांबला होता. एक कॉलेजातली मुलगी मित्राला काहीतरी विचारत होती, आणि तो 'मलाही कळलं नाही' अशी मान हलवत होता.

आणि मग...

सगळे चेहरे उजळले.

एकदम नाही. हळूहळू, एकेक करून. आपल्या ओळखीचं माणूस दारातून आत येताना दिसलं की चेहरा सैल पडतो ना, तसे. वेफर्सवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांच्या रेषा पडद्यावर एकाच ठिकाणी मिळाल्या आणि सावकाश डावीकडून उजवीकडे सरकू लागल्या.

कुणीतरी चालत होतं. ताईला ते स्पष्ट कळलं. माणसाच्या चालीचा वेग. चेहऱ्याची उंची.

काही क्षणांनी पुन्हा आठ्या.

ताईनं त्या जागेवर खूण केली. चित्रपटातला सगळ्यात चांगला क्षण तिला सापडला होता.

खेळ संपल्यावर चर्चा व्हायची. ती घ्यायचे निवेदककाका. रेडिओवरून निवृत्त झालेले. चहा मागायचा तरी बातम्या सांगितल्यासारखा मागायचे. चर्चा आटपून ते ताईच्या खोलीत आले, तिथे खारू आणि दिग्दर्शक आधीच बसले होते.

"काय म्हणतात मायबाप?" दिग्दर्शकानं विचारलं.

"एक बाई म्हणाल्या, काही कळलं नाही, पण आज दिवा लावून झोपेन," काका म्हणाले. "जाडे गृहस्थ म्हणाले, असला चित्रपट बघण्यापेक्षा आयकराचे नियम वाचलेले बरे. पण एक गोष्ट सगळे म्हणाले. नायकाच्या बायकोचं काम फार छान झालंय. एक शब्द बोलत नाही, पण जीव लावून जाते."

दिग्दर्शकानं खारूकडे बघितलं. खारूनं दिग्दर्शकाकडे.

"बायको?" दिग्दर्शक म्हणाला. "चित्रपटात बायको नाहीये."

ताईनं आपली खूण दाखवली. "इथे कुणीतरी येतं. चालत जातं. लोक तिच्यावर खूश आहेत."

खारूनं ती जागा बघितली आणि हसला. "अगं ताई, इथे रिकामा कॉरिडॉर आहे. कुणीच नाही. नुसता कॉरिडॉर."

मग दिग्दर्शकानं मांडीवर थाप मारली.

"वा! म्हणजे जमलं! माणसाला काही आठवत नाही, तर प्रेक्षक स्वतःच आठवणी भरतायत. रिकाम्या जागेत बायको बघतायत!"

ते पटण्यासारखं होतं. ताईलाही पटलं. मेंदू रिकामी जागा भरून काढतो, हे तिनं स्वतःच शिकवलेलं होतं किती जणांना. फक्त सगळ्यांचे मेंदू एकाच वेळी, एकाच वेगानं तीच जागा कशी भरतील, एवढं कुसळ डोळ्यांत राहिलं. ते तिनं चोळून काढलं.

आणि ती म्हणाली, "मग हा कॉरिडॉर लांबव. लोकांना तिथे अजून थांबायचंय."

चित्रपट न बघता नुसत्या चेहऱ्यांवरून सल्ला द्यायची तिची ती पद्धतच होती.

खारूनं तो प्रसंग तिप्पट लांबवला.

त्या आठवड्यात त्याचा फोन आला. भांडायला नव्हे.

"ताई, आपल्या जुन्या घराला जिना होता का गं?"

"होता म्हणजे? त्याच्याखाली तर तू लपायचास."

"हं. मी सकाळपासून आठवतोय. जिनाच येत नाही डोळ्यांपुढे."

"झोप नीट. दिवसरात्र अंधारात बसून तुझ्या डोक्याचा भुगा झालाय."

तो हसला. मग म्हणाला, "ताई, ती बायको होती गं. मूळ कथेत. आम्ही तिचे प्रसंग चित्रित केले होते. मीच सगळे कापले. चित्रपट सोपा होत होता तिच्यामुळे."

"मग दिग्दर्शक 'नाही' असं का म्हणाला?"

"तेच. तो म्हणतो, कुणी बायको लिहिलीच नव्हती. मी काढलेले तुकडे शोधले. सगळ्यांत नुसता कॉरिडॉर आहे. नुसता रिकामा कॉरिडॉर. पण मी कापली म्हणजे ती होती ना, ताई? नसलेल्या माणसाला कसं कापेन मी?"

ताईनं विचारलं, "कोण होती नटी?"

"तेच तर..." खारू म्हणाला. "चेहराच आठवत नाही."

दुसरी चाचणी. तीच वेळ, तेच थिएटर, प्रेक्षक नवे.

ताई डोळ्यांत तेल घालून बसली होती.

तो क्षण आला. पुन्हा तसंच. चेहरे सैल पडले. रेषा डावीकडून उजवीकडे निघाल्या. पडद्याच्या कडेपर्यंत गेल्या...

आणि थांबल्या नाहीत.

ताई पुढे झुकली. सगळ्या रेषा पडद्यावर मिळायला हव्यात. लोक पडदा बघायला आलेत, दुसरं काय बघतील? पण त्या पडद्यावर मिळत नव्हत्या. पडद्याच्या अलीकडे मिळत होत्या.

हवेत. दोन बाजूंच्या खुर्च्यांच्या मधल्या वाटेत. उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

यंत्र बिघडलं असेल. तिनं रेषा बंद केल्या आणि आपल्या डोळ्यांनी चेहरे बघितले.

डाव्या बाजूचे लोक उजवीकडे बघत होते. उजव्या बाजूचे डावीकडे. पुढच्या रांगेच्या माना आधी वळल्या. मग दुसऱ्या रांगेच्या. मग तिसऱ्या.

वाटेच्या कडेला एक म्हातारे दंतवैद्य बसले होते. त्यांनी पाय आत घेतले.

वाट द्यावी तसे.

माना एकेक रांग मागे येत होत्या. मागे म्हणजे कुठे? मागच्या रांगेत टोकाला, वाटेला लागून, कोण बसलं होतं?

खारू.

तेवढ्यात कॉरिडॉरचा प्रसंग संपला. सगळे चेहरे झटक्यात पडद्याकडे वळले. दंतवैद्यांनी पाय पुन्हा लांब केले.

शेजारच्या भिंतीतून एक आवाज आला...

धप्प.

त्या थिएटरच्या खुर्च्या जुन्या होत्या. माणूस उठला की बसायची फळी आपोआप वर जाऊन पाठीला आपटायची. ताईनं हा आवाज हजार वेळा ऐकला होता. कुणीतरी खुर्चीवरून उठलं, एवढाच त्याचा अर्थ.

तिनं चेहरे मोजले. कुणीच उठलं नव्हतं.

चर्चेत निवेदककाकांनी ताईच्या सांगण्यावरून मुद्दाम विचारलं, मधेच सगळे बाजूला का बघत होता? लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"छे," दंतवैद्य म्हणाले. "मी पडद्यावरून नजर हलवली नाही. बायको आली तेव्हा तर नाहीच नाही. फार गोड बाई. कुठेतरी पाहिलंय तिला."

"मलाही तसंच वाटलं!" एक परिचारिका म्हणाली. "आमच्या घरातलीच वाटली."

काका हे सांगत होते तेव्हा त्यांचा रेडिओचा आवाज कुठे पळाला होता. "ताई, मी एवढी माणसं बोलती केली," ते म्हणाले, "पण एवढी सगळी एका सुरात खोटं बोलत नाहीत हो."

ताईनं खारूला गाडीपाशी गाठलं.

"तू पुढच्या चाचणीला बसायचं नाहीस. आणि तो कॉरिडॉर काढून टाक. सगळा."

"काय झालं एवढं?"

"मोठी बहीण सांगतेय म्हणून काढ. एकदा हनुवटी फोडलीय, दुसऱ्यांदा नाक फोडीन."

तो हसेल म्हणून ती थांबली. खारूनं हनुवटीवरून बोट फिरवलं.

"हे? हे ना... झोपाळ्यावरून..." त्याच्या कपाळाला बारीक आठी पडली. "ती म्हणते, मीच उडी मारली होती."

"ती कोण?"

"कोण ती?"

"आत्ता म्हणालास, ती म्हणते."

"मी?" खारू तिच्याकडे बघत राहिला. खरंच काही न कळल्यासारखा. "मी कधी म्हणालो?"

त्या रात्री ताईला झोप लागली नाही. तिला भुताची भीती वाटत नव्हती, असं ती मला म्हणाली. भीती एकाच गोष्टीची होती. त्यांचं लहानपण आता फक्त दोन डोक्यांत शिल्लक होतं. एक तिचं, एक खारूचं. त्यातल्या एका डोक्यात कुणीतरी शिरून वस्तू हलवत होतं.

खारूनं शब्द पाळला. कॉरिडॉर संपूर्ण काढला. दिग्दर्शक दोन दिवस आकांडतांडव करत होता. खारूनं ताईला फोन करून सांगितलं, "टाकला कापून. आणि मी येत नाही उद्या. खूश?"

ताई खूश झाली. तिच्या हिशेबात सगळं नीट बसत होतं. ती जी कुणी होती, तिला यायला एकच दार होतं. ते आता बंद झालं.

तिसरी चाचणी सुरू झाली. दिवे गेले. ताईसमोर चित्र आलं.

तिला आधी कळेचना आपण काय बघतोय.

चेहरे नव्हते.

केस होते. अंबाडे, टकलं, वेण्या, टोप्या...

सगळा प्रेक्षकवर्ग पडद्याकडे पाठ करून, मान वळवून मागे बघत होता.

पहिल्या क्षणापासून. ती आता पडद्यावर नव्हतीच. पडद्यात तिला जागाच उरली नव्हती. ती इथे होती.

त्या सगळ्या केसांच्या पलीकडे, मागच्या रांगेत, एकच चेहरा दिसत होता. टोकाच्या खुर्चीत. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे कलून तो हळूच काहीतरी बोलत होता, आणि हसत होता.

खारू.

ताई उठली ती खुर्ची पाडूनच. थिएटरचं मागचं दार तिनं ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा ती चालू खेळात आत आली होती.

आत चित्रपटाचा घुमणारा आवाज. आणि अंधारात तिच्या दिशेला वळलेले सगळे चेहरे. कुणाचीच पापणी लवत नव्हती. ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या जवळच, जरा डावीकडे.

ताईनं तिकडे बघितलं.

खारूशेजारची खुर्ची रिकामी होती. पण तिची फळी खाली होती. कुणी बसलं असावं तशी, दाबलेली.

"खारू!"

धप्प.

फळी वर गेली.

सगळे डोळे उचलले गेले. खुर्चीच्या उंचीवरून उभ्या माणसाच्या उंचीवर. मग सावकाश सरकायला लागले. ताईच्या दिशेनं. ताईला दिसत काहीच नव्हतं. फक्त ते डोळे. ते सांगत होते, आता दोन पावलांवर आहे. आता एका. आता...

सगळ्या थिएटरची नजर तिच्या तोंडावर येऊन थांबली. नेमकी तिच्या तोंडावर नाही. तिच्या तोंडाच्या वीतभर अलीकडे.

ताईनं डोळे मिटून घेतले. गालाला काही लागलं नाही. श्वास नाही, वारा नाही, वास नाही. काहीच नाही. एवढं रिकामं तिला कधी वाटलं नव्हतं, असं ती म्हणाली.

मग कुणीतरी दिवे लावले. निवेदककाकांनी. लोक डोळे चोळत सरळ बसले होते. पडद्याकडे तोंड करून.

ताईनं खारूचा दंड धरला. "तू येणार नव्हतास ना? चल. आधी बाहेर चल."

खारू अदबीनं उठून उभा राहिला. तिचा हात त्यानं हळूच सोडवला.

"सॉरी मॅडम," तो म्हणाला, "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. आपण ओळखतो का?"

डॉक्टर झाले. सगळ्या तपासण्या झाल्या. खारूची स्मृती ठणठणीत. शाळा आठवते, शिक्षक आठवतात, आपण संकलित केलेला प्रत्येक चित्रपट आठवतो. आईवडील आठवतात. मीसुद्धा आठवते. मी फोन केला तर म्हणाला, काय गं, बऱ्याच दिवसांनी!

मी विचारलं, "आणि ताई?"

"कोण ताई?"

डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. ताईनं वेळ दिला. मग एका दुपारी ती त्याच्या घरी गेली. जुन्या फोटोंची पिशवी घेऊन.

खारूनं दार उघडलं. ओळखीचं हसला, पण थिएटरमधल्या मॅडमना हसतात तसं.

"या ना. बसा. चहा आत्ताच झालाय."

टेबलावर दोन कप होते. दोन्हींतून वाफ येत होती. तो एकटाच होता घरात. त्यानं तिसरा कप आणला.

ताईनं फोटो काढलेच नाहीत. तिनं फक्त एक विचारलं.

"हनुवटीला काय लागलं होतं?"

खारूचा चेहरा उजळला. "हे होय! गंमतच आहे. हिनं केलंय. आम्ही लहानपणापासूनचे ना. झोपाळ्यावरून ढकललं होतं मला. वर रडायलाही स्वतःच लागली. मलाच तिला गप्प करावं लागलं."

ताई रडली होती, हे खरं होतं. तिनं ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्या दोघांनाच माहीत होतं ते.

"मी ढकललं होतं रे," ताई म्हणाली. "मी. मी रडले होते."

"नाही हो." खारू समजुतीनं हसला. "हिनंच. थांबा, तिलाच विचारा."

आणि त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

ताईला मागे वळायची गरज नव्हती. तिला संगणकाचीही गरज नव्हती. आयुष्यभर तिनं डोळेच वाचले होते. खारूची नजर दारात थांबली. मग निघाली. कपाटाला वळसा. टेबलाच्या कडेनं. जवळ...

ताईच्या डाव्या खांद्यामागे येऊन ती नजर स्थिरावली.

"सांग ना गं त्यांना," खारू म्हणाला.

खोलीत कसलाही आवाज नव्हता. रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा ऐकू येईनाशा झाल्या होत्या. खारू मान कलती करून ऐकत होता. मग तो खळखळून हसला. ताईच्या टोमण्यांना हसायचा, अगदी तसा.

ताई वळली नाही. फोटोंची पिशवी तिथेच राहिली. ती सरळ दाराकडे चालत गेली आणि बाहेर पडली.

तिनं ते काम सोडलं. आता ती कुणाच्याच डोळ्यांकडे बघत नाही. बोलताना नजर आपल्या हातांवर. तो चित्रपट पुढे लागला की नाही, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

हे सगळं तिनं मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. दुपारीच. पूर्ण वेळ ती खाली बघत होती. शेवटचं वाक्य झालं, आणि सवय मोडून तिनं एकदाच मान वर केली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू कुठे बघत होतीस?"

"तुझ्याकडे. दुसरीकडे कुठे बघणार?"

"नाही." ती उठली. "दारापासून इथपर्यंत. आत्ता. माझ्या मागे."

मी तिला थांबवायला हवं होतं. ती पर्स उचलून निघूनच गेली.

मी कुठेही बघत नव्हते. मला तरी तसंच आठवतंय.

पण तेव्हापासून रोज सकाळी उठल्यावर, डोळे उघडायच्या आधी, मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. मला पोहायला कुणी शिकवलं? मग थंडगार पाणी आठवतं, पोटाखाली धरलेला हात आठवतो. मी त्या हातावरून वर बघत जाते. मनगट, कोपर, खांदा... चेहऱ्यापर्यंत पोचायला मला हल्ली जरा जास्त वेळ लागतो.

ताईनं शिकवलं.

अजून तरी ताईनंच.